शेजारीण वाळीत होती तेव्हा

मी लग्न होऊन या गावात आले त्याच वर्षी तीही आली. मी रेवसकडची, ती दोन खाड्या पलीकडची. माझ्या अंगावरची हळद उतरली नव्हती तोच शेजारच्या घरात दुसरी नवरी आली आणि मला बरं वाटलं. दोन घरांत एकच भिंत. भिंतीच्या वर, वाशांच्या खाली, हात जाईल एवढी फट होती. त्या फटीतून आम्ही एकमेकींना मिरच्या दिल्या, काडेपेटी दिली, आणि सासवा झोपल्या की त्यांच्या कागाळ्याही दिल्या.

मी दहावी पास. कोळीवाड्यात त्या वेळी दहावी झालेली सून म्हणजे नवल होतं. कुणाचा रेशनकार्डाचा फॉर्म असो, कुणाची लाइटीची तक्रार असो, कागद माझ्याकडे यायचा. ती चौथीतून सुटलेली. पण बाजारात बसायला मला तिने शिकवलं. माझ्या आईने मला कधी मासळीच्या पाटीला हात लावू दिला नव्हता. पहिल्या दिवशी मी मान खाली घालून, पदर ओढून बसले होते. ती शेजारून म्हणाली, "गो, वर बघ. म्हावरा विकायला आयलीस का तोंड लपवायला?"

मी वर बघितलं. त्यानंतर वीस-बावीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसलो. तिच्या मुलीने मला मावशी म्हटलं, माझ्या मुलाला तिने न्हाऊ घातलं. हे सगळं सांगते ते एवढ्यासाठी, की पुढे जे झालं ते दोन अनोळखी बायकांत झालेलं नाही.

गावाच्या कडेला, समुद्राला लागून, आमचं मासळी सुकवायचं खळं आहे. तिथे बांबूच्या वलांडी उभ्या असतात. त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील जोडीजोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, टांगतात. खालच्या सारवलेल्या जमिनीवर जवळा आणि मांदेली पसरतात. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की घर चालतं ते या सुक्यावर. खळं बायकांचं. पुरुष तिकडे फिरकतसुद्धा नाहीत, वासाला नाकं मुरडतात.

मग काशीदला जाणाऱ्या गाड्या आमच्या गावातही थांबायला लागल्या. आमच्या किनाऱ्याचे फोटो मोबाइलवर फिरले म्हणे. शनिवार-रविवारी रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरेना. तेव्हा गावकीने देवळात बसून ठरवलं, की अर्धं खळं सपाट करून तिथे पैसे घेऊन गाड्या लावू द्यायच्या, म्हणजे देवळाच्या सभामंडपाच्या कामाला हातभार लागेल. बैठकीला बायका नव्हत्या. कुणी बोलावलंच नव्हतं.

त्या बैठकीत एकटा तिचा नवरा बोलला. तो दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल होता, बोट हाकणारा. दोन शब्दांच्या जागी एक शब्द वापरणारा माणूस. तो उठला आणि म्हणाला, "खळा बायांचा हाय. त्यांना इचारा." लोक हसले. माझा नवरा पाच पंचांपैकी एक. त्यानेच घरी येऊन मला हे सांगितलं, आणि सांगताना तोही हसत होता. मी त्याच्या ताटात भात वाढला.

दोन दिवसांनी दुपारी, माझा नवरा दर्यात असताना, ती दोघं आमच्या घरी आली. तिच्या हातात कोरा फुलस्केप कागद होता.

"तहसीलदाराला अर्ज देताव," ती म्हणाली. "तू लिव गो. तुझा अक्षर सायबाला वाचता येल."

मी लिहिला. खरं सांगायचं तर मोठ्या हौसेने लिहिला. खळ्यावर किती घरं जगतात, पावसाचे महिने कसे जातात, जागा गेली तर बायकांनी बोंबील कुठे टांगायचे, रस्त्यावर का, असं सगळं. ती ऐकत होती आणि मधेच म्हणत होती, "हां, हेच. हेच लिव." वाचून दाखवला तेव्हा तिच्या नवऱ्याचे डोळे भरले. तो म्हणाला, "वैनी, माझ्या पोटातला तुमी कागदावर आणलाव."

मग तिने पेन माझ्यापुढे धरलं. "सही कर."

"हे आले की विचारून करते," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. तिने ताणलं नाही. ती आणखी आठ-दहा घरी जाऊन आली. सगळ्यांनी माझ्यासारखंच सांगितलं. शेवटी कागद गेला तो दोघांच्याच सह्यांनी, नवराबायकोच्या.

महिनाभराने साहेब आले, टेप टाकून मापं घेतली, आणि ही किनाऱ्याची सरकारी जागा आहे, इथे गाड्यांसाठी सपाटीकरण चालणार नाही, असं सांगून गेले. ठरवलेला जेसीबी आला तसा परत गेला. आम्ही बायका मनातून खूश. त्या आठवड्यात खळ्यावर आमची चेष्टामस्करी नुसती उतू जात होती. मीही वलांडीवर बोंबील टांगत हसत होते. अर्ज माझा, हे तिघांनाच ठाऊक होतं, आणि ते गुपित मला दागिन्यासारखं वाटत होतं.

मग गावकी बसली. या वेळी सगळ्या घरांना बोलावणं होतं, बायकांनासुद्धा. आम्ही मागे, भिंतीला टेकून बसलो. गावकीच्या अध्यक्षांच्या हातात अर्जाची झेरॉक्स होती. त्यांनी ती वर धरली.

"गावची गोष्ट गावाबाहेर नेली. कोणी लिवला ह्यो?"

"मी," तिचा नवरा म्हणाला.

"तू? सही करताना तुझी जीभ भायेर येते, तू येवढा लिवलास?"

"मीच लिवला."

तो पुढे बघत होता. त्याने मान जरासुद्धा वळवली नाही. पण तिने वळवली. माझ्यापासून दोन बायका सोडून ती बसली होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग खाली बघून पदर सारखा केला. कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की त्या नजरेचा अर्थ 'तू गप राहा' असा होता. ती मला वाचवत होती, मग मी कशी बोलणार? आता तेवढी खात्री वाटत नाही. कदाचित ती वाट बघत होती. मी उठेन म्हणून.

मी उठले नाही.

"अर्ज मागं घे आणि गावाची माफी माग," अध्यक्ष म्हणाले.

"माफी कसली? मी चोरी केली न्हाय."

एवढ्यावर त्यांना वाळीत टाकलं. पाच पंचांनी हात वर केले, त्यात माझ्या नवऱ्याचा हात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून त्या दोघांचे नंबर काढले गेले. सुरुवात अशी झाली. मग नियम कानोकान आले. त्यांच्याशी बोलायचं नाही. त्यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही, आपलं द्यायचं नाही. लग्नकार्याला, मयताला जायचं नाही. त्यांना कुणी मासळी द्यायची नाही, बर्फ द्यायचा नाही. जो बोलेल तोही वाळीत. तिचा नवरा ज्या बोटीवर तांडेल होता, त्या बोटीच्या नाखव्याने, म्हणजे मालकाने, त्याला त्याच दिवशी उतरवलं.

त्या संध्याकाळी माझा नवरा जेवायला बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "अक्षर ओळखला मी."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

"गप ऱ्हा आता. बोट याच बंदरात लावायची हाय आपल्याला. पोराचा लगीन याच गावात करायचा हाय."

त्याने ते कधी कुणाला सांगितलं नाही. त्याच्या परीने त्याने मला सांभाळलं. आणि मी त्याला सांभाळू दिलं.

बाजारातल्या जागा ठरलेल्या असतात, त्या हलत नाहीत. त्यामुळे ती रोज माझ्या शेजारीच बसायची. मी मधे एक रिकामा क्रेट ठेवायला लागले. पहिल्या दिवशी तो क्रेट बघून तिने स्वतःची पाटी हातभर पलीकडे सरकवली, म्हणजे मला अडचण नको. तिला बर्फ चौलहून आणावा लागायचा, भावाच्या मोटारसायकलवर. मासळी आता ती बाहेरच्या बंदरावरून आणायची, त्यामुळे तिला उशीर व्हायचा. एकदा एका बाईने मला पापलेट विचारलं. माझ्याकडे नव्हतं, तिच्या पाटीत चांगलं ताजं होतं, बसल्या जागेवरून मला दिसत होतं. "आज पापलेट नाही मिळणार," मी त्या बाईला सांगितलं. हे मला कुणी करायला सांगितलं नव्हतं. नियमातसुद्धा नव्हतं.

भिंतीतली फट नवऱ्याने बुजवली. रविवारचा दिवस होता. त्याने सिमेंट कालवलं, स्टुलावर चढला. घमेलं मी धरलं होतं. पलीकडे ती घरात होती, भांड्यांचा आवाज येत होता. थापीचा पहिला आवाज झाला तशी भांडी थांबली.

पुढच्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. होड्या सकाळी धक्क्याला लागल्या होत्या. बाहेरचा एक नाखवा तिला मासळी द्यायचा, म्हणून ती तेवढ्यापुरती आमच्या धक्क्यावर यायची. धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. मी वर उभी होते, ती पाटी डोक्यावर घेऊन चढत होती. तिचा पाय सटकला. पाटी आधी पडली, मग ती, हातावर. मांदेली सगळ्या पायऱ्यांवर पसरली. तिथे आम्ही निदान पंधराजणी होतो. कुणी हलली नाही. सगळ्या एकमेकींकडे बघत होतो, की आधी कोण जातं, आणि जी जाईल तिला कोण कोण बघतं. ती उठायचा प्रयत्न करत होती, पण मनगटावर भार देता येत नव्हता.

फोटो काढायला आलेली एक शहरातली पोरगी, अर्ध्या पँटमधली, मोबाइल मैत्रिणीकडे फेकून धावली. तिने तिला उठवलं, बसवलं, बाटलीतलं पाणी दिलं. मग आमच्याकडे वळून ओरडली, "अरे, तुम्ही बघताय काय? माणसं आहात की कोण?"

मी पाटी उचलली आणि बाजाराच्या रस्त्याला लागले. तिचं मनगट मोडलं होतं. ते नीट बसलंच नाही. तेव्हापासून सुरमईसारखा मोठा मासा तिला कोयत्याने कापता येत नाही.

आणि तरीही मी बोलले नाही. त्या दिवशीही नाही, त्यानंतरही नाही. लोक म्हणतात, गावाच्या धाकाने माणूस मुका होतो. धाक होताच. पण धाकाची सवयसुद्धा होते, हे मी माझ्यावरून सांगते. काही महिन्यांनी मला भीतीही वाटेनाशी झाली. क्रेट ठेवायचा, नजर फिरवायची, घरी जायचं. सोपं होतं.

दुसऱ्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा माझ्या माहेरच्या बाजूचा. कुणाच्या घरी लग्न असलं की आमच्याकडे गावच मांडव घालतं. तिच्या दारात मांडव घालायला भाड्याची माणसं आली. हळदीला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी गावची धवलारीण यायला तयार झाली नाही. धवले म्हटल्याशिवाय हळद लागत नाही आमच्यात. त्या संध्याकाळी मी चुलीपुढे बसले होते. बुजवलेल्या भिंतीतूनही आवाज यायला लागला. ती स्वतः म्हणत होती. मुलीची आई धवले म्हणत बसली आहे, असं मी कधी ऐकलं नव्हतं. साथीला तिची एक बहीण, तिला पुरते शब्द येत नव्हते. कुठे ओळ अडायची, दोघी थांबायच्या, पुन्हा मागून धरायच्या. मला पुढची ओळ येत होती. माझे ओठ हलत होते. माझा मुलगा मोबाइल बघता बघता म्हणाला, "आये, काय बडबडतेस?" मी म्हणाले, काही नाही.

वरात निघताना मुलगी आमच्या दारासमोर थांबली. मी खिडकीच्या पडद्याआड होते. दार बंद होतं. तिने उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसली. तिच्या आईने तिला ओढलं नाही आणि आमच्या खिडकीकडेही बघितलं नाही.

पुढे तिच्या भावाने पोलिसांत तक्रार दिली. वाळीत टाकण्याविरुद्ध सरकारने कायदा केला आहे, हे तोवर गावात सगळ्यांना ऐकून माहीत होतं, पण आपल्या दारात पोलिसांची गाडी येईल असं वाटलं नव्हतं. दोन पंचांना चौकशीला बोलावलं तशी गावकी नरमली. तालुक्याला बैठक झाली. पंचांनी कागदावर लिहून दिलं, की असं काही झालेलंच नाही आणि यापुढेही होणार नाही. पेढे वाटले. तिच्या नवऱ्याने पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. माझा नवरा परत येऊन म्हणाला, "मिटला एकदाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घावणे केले आणि झाकून तिच्या घरी घेऊन गेले. तीन पावलं चालायला मला दोन वर्षं लागली होती. ती ओट्यावर लसूण सोलत होती. मला बघून ती उठली. पाटावरची सुपली बाजूला केली.

"या," ती म्हणाली. "बसा."

मला वाटलं, मागे आणखी कुणी आलं आहे. मी वळून बघितलंसुद्धा. कुणी नव्हतं.

"पाणी घेता?" तिने विचारलं.

मी बसले. काय बोलायचं ते आदल्या दिवसापासून जमवत होते, ते सगळं गेलं. शेवटी म्हणाले, "मी गावाला सांगते गो. अर्ज मी लिवला होता म्हणून. सगळ्यांसमोर सांगते."

ती लसूण सोलत राहिली. डाव्या हाताने, सावकाश.

"आता कशाला?" ती म्हणाली. "तवा सांगितला असता तर वाळीत दोन घरं झाली असती. एकाला एक सोबत झाली असती. आता सांगून तुमचा मन हलका होयल, बाकी काय?"

घावण्यांची थाळी तिने ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी घासून परत आणून दिली, त्यात मूठभर साखर घालून. रिकामी थाळी परत करू नये, ही रीत तिने मोडली नाही.

तिचं न ऐकता मी सांगितलं. होळीआधी गावकी बसते, त्या बैठकीत आता बायकाही असतात. जुने अध्यक्ष तोवर वारले होते. मी उठले आणि म्हणाले, की तो खळ्याचा अर्ज माझ्या हातचा होता. मग कुणीतरी म्हणालं, "वैनी, जुना काय काढताव आता?" आणि पालखीच्या वाटेचा विषय पुढे चालू झाला. माझा नवरा जमिनीकडे बघत होता. जे बोलायला मी इतकी वर्षं घाबरले होते, ते बोलून माझं काहीच झालं नाही. कुणी साधं रागावलंही नाही. ती त्या बैठकीला नव्हती. मुलीकडे गेली होती. परत आल्यावर तिला कुणीतरी सांगितलं असणार. माझ्याशी ती त्यावर कधी बोलली नाही.

खळं अजून तिथेच आहे. गाड्या रस्त्याच्या पलीकडे एका वाडीत लागतात. या वर्षी बोंबील चांगला होता, वलांडी वाकल्या होत्या. तिचा नवरा आता टेम्पो चालवतो, दर्यावर जात नाही. ती बाजारात माझ्या शेजारीच बसते. क्रेट मी केव्हाच काढला. ती माझ्याशी नीट बोलते. कधी पाटी बघायला सांगते, तब्येत विचारते, मुलाचं लग्न जमलं का विचारते. सगळं अहो-जाहो.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एक बाई मासे घ्यायला आल्या होत्या. आम्हा दोघींच्या पाट्यांमधून निवडत होत्या. हसून म्हणाल्या, "तुम्ही दोघी बहिणी का हो?"

मी काही बोलायच्या आत तिने उत्तर दिलं.

"न्हाय हो ताई," ती म्हणाली. "आमी शेजारी हाव." आणि त्यांचे बांगडे पिशवीत घालायला लागली.